ग्रिंगोच्या कबरीतला लिब्रादो

सान हिलारियोत मोटारीतून कुणी परका उतरला, की त्याला कबर दाखवायला अर्धं गाव धावायचं. त्या कबरीत खरोखर कोण आहे हे जिला ठाऊक होतं ती कासिमिरा सुबिया तेवढी आपल्या शेळ्यांच्या कुंपणापाशी दातओठ खात उभी राहायची. तिला कुणी विचारायचं नाही. विचारलंच तर उत्तर ऐकून घ्यायचं नाही. हे एक-दोन वर्षं नव्हे, उभा जन्म चाललं. आता अशानं माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

येणारे ते सगळे ग्रिंगो, सरहद्दीपलीकडचे अमेरिकन. यायचे आपला एक लेखक शोधायला. थॅडियस मार्ल त्याचं नाव. म्हणे फार मोठा माणूस होता. वर्तमानपत्रात असं काही बोचरं लिहायचा, की मंत्री झाले, बिशप झाले, रेल्वेचे मालक झाले, कुणालाही त्यानं सोडलं नव्हतं. खिल्ली उडवायला तिकडे कुणी उरलं नाही म्हणून की काय, म्हातारपणी घोड्यावर बसून इकडे मेक्सिकोतली लढाई बघायला आला आणि जो नाहीसा झाला तो झालाच. ना प्रेत सापडलं, ना घोडा, ना टोपी. तिकडे त्याच्यावर जाडजाड पुस्तकं निघाली, आणि प्रत्येक पुस्तकवाला शेवटी सान हिलारियोच्या कबरस्तानात येऊन हॅट काढून उभा राहायचा.

गावाला काय, बरंच झालं. खाण बंद पडल्यापासून इथे धूळ आणि शेळ्यांखेरीज होतं काय? निकानोरनं आपल्या दारूच्या गुत्त्यात एक खुर्ची दोरी बांधून वेगळी ठेवली होती. मार्ल याच खुर्चीत बसून शेवटचा पेला प्याला, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. ती खुर्ची निकानोरनं तोरेओनच्या बाजारातून ट्रकवर टाकून आणली, तेव्हा त्याच ट्रकमध्ये कासिमिरा आपल्या चीजच्या टोपल्या घेऊन बसली होती. तिनं एकदा चारचौघांत हे बोलून दाखवलं, तर निकानोर अदबीचं 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या कासिमिरा, तुम्हाला गावाचं चांगलं बघवत नाही." घ्या. म्हणजे ही वाईट.

आणि कबरीत होता तिचा बाप. लिब्रादो सुबिया, खेचरवाला.

त्याचं असं झालं. एकोणीसशे चौदा सालच्या जानेवारीत डोंगरात दोन फौजा एकमेकींच्या मागे लागल्या होत्या. एका फौजेनं लिब्रादोची खेचरं धरली आणि त्यालाच दारूगोळा वाहायला लावला. चार दिवसांनी दुसरी फौज आली आणि तिच्या कर्नलनं दारूगोळा वाहिला म्हणून त्याला आणि आणखी दोघांना कबरस्तानाच्या भिंतीशी उभं केलं. वर हुकूम सोडला, की जो कुणी प्रेतावर हक्क सांगेल त्याचं घर जाळायचं. लिब्रादोची बायको पेत्रोनिला तेव्हा विशीत होती, आणि कासिमिरा चार वर्षांची.

पहाऱ्याला मागाहून ठेवलेल्या जमादाराकडे पेत्रोनिला स्वतः गेली. रडली नाही. लिब्रादोचं तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं, ते एक बरंच म्हणायचं. "हा आमच्यातला नाही," ती म्हणाली. "खाणीवर हिंडणारा म्हातारा ग्रिंगो आहे. कुणी नाही त्याला. आमच्याकडे बेवारशी मेलेल्याला गावातली एखादी बाई पदरात घेते. मी घेते याला." जमादार बाहेरचा असला तरी रीत त्याच्याही गावाला होती. ज्या मेलेल्याला कुणी नाही त्याची कबर एखाद्या घरानं सांभाळायची, नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी आपल्या माणसांबरोबर त्याचीही माती साफ करायची, त्यालाही मेणबत्ती लावायची, नाहीतर तो आत्मा उपाशी परत जातो. जमादारानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि "घेऊन जा" म्हणाला.

अशी पेत्रोनिला आपल्याच नवऱ्याची परकी झाली. दर नोव्हेंबरात ती झेंडूची फुलं, पाणी, पाव घेऊन त्याच्या कबरीशी बसायची, आणि येणारे-जाणारे म्हणायचे, "किती माया हिला, त्या ग्रिंगोसाठी एवढं करते." विचारलं कुणी, तर नवरा खेचरं घेऊन चिवावा शहराला गेलाय असं ती सांगायची. कासिमिरालाही तेच सांगितलेलं. पोरगी बारा वर्षं ग्रिंगोच्या कबरीवरचं गवत उपटत होती. खरं कळलं ते पोर मोठी झाल्यावर, शेळीची धार काढता काढता. "तो ग्रिंगो म्हणजे तुझा बाप," आई म्हणाली, आणि पुढच्या शेळीकडे वळली. त्यापुढे या विषयावर दोघींचं फारसं बोलणं झालं नाही. सुरू केलं की एकीला ना एकीला कामं आठवायची, आणि ती तर पडलेलीच असायची.

दोघी-तिघी शेजारणींना ठाऊक होतं, त्या फ्लूच्या साथीत गेल्या. कबरीवर नावाची पाटी लावायची तर तो कर्नल पुढे जिल्ह्याचा मोठा माणूस झाला होता. त्याच्या नावानं रस्ता झाला, शाळा झाली. पेत्रोनिला म्हणायची, "मरू दे एकदा त्याला, मग लावू नाव." तो मेला ऐंशी ओलांडून, तेही अंथरुणात, तिन्ही मुलं उशाशी. आणि त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात प्रोफेसर विटकोम दारात उभा राहिला. नशीब म्हणतात ते हेच.

माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. नम्र होता. स्वयंपाकघरात बसला, बीन्स आणि तोर्तिया खाल्ल्या, बोललेलं पकडून ठेवणारं यंत्र टेबलावर मांडलं. बरोबर चिवावाचा एक दुभाषा होता.

"सेन्योरा, त्या कबरीत कोण आहे?"

"माझा नवरा."

"पण सगळं गाव सांगतं ग्रिंगो आहे."

"सांगणारच. मीच तसं सांगितलं होतं."

"कधी?"

"पुरला त्याच दिवशी."

प्रोफेसर पुढे सरकून बसला. "म्हणजे प्रेत समोर असताना तुम्ही स्वतः म्हणालात, की हा म्हातारा अमेरिकन आहे?"

"म्हणाले. खोटं होतं ते."

"आणि तो तुमचा नवरा आहे, हे लोकांना पहिल्यांदा कधी सांगितलंत?"

"आत्ता. तुम्ही विचारलंत म्हणून."

प्रोफेसरानं हळूच मान हलवली. म्हातारीचा हात हातात घेतला आणि फार मायेनं समजावलं, की इतिहासात साक्ष घटनेच्या जितकी जवळची तितकी पक्की. चाळीस वर्षांनी माणसाच्या मनात काहीही मिसळतं. एकट्या बाईनं इतकी वर्षं एका परक्याची कबर सांभाळली, तर तो तिला नवऱ्यासारखाच वाटायला लागणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुभाष्यानं हे सगळं सांगून झाल्यावर पेत्रोनिलानं आपला हात सोडवून घेतला. मग लेकीकडे वळली. "कासिमिरा, हा काय म्हणतोय? मी खोटं बोलले ते खरं, आणि खरं बोलतेय ते खोटं?"

"तसंच म्हणतोय, आई."

"याला विचार, बीन्स आणखी हव्यात का."

वर्षाच्या आत संगमरवरी फरशी आली. तिच्यावर दोन भाषांत कोरलेलं, 'येथे बहुधा थॅडियस मार्ल चिरविश्रांती घेत आहे.' बहुधा! पोरगी नांदायला द्यायची तरी माणूस पक्की चौकशी करतो, आणि यांनी 'बहुधा' वर दगड बसवला. उद्घाटनाला बँड होता. पाद्री आन्सेल्मोनं मार्लच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली, आणि त्या मार्लनं जन्मभर पाद्र्यांची टर उडवली होती हे त्याला कुणी सांगितलं नाही. पेत्रोनिला घरातून निघालीच नाही. त्या नोव्हेंबरपासून फरशीभोवती लोखंडी कठडा लागला. फुलं कठड्याबाहेर ठेवायची.

पेत्रोनिलाची एकच मागणी होती, आणि ती काही जगावेगळी नव्हती. इथल्या प्रत्येक घरात होतं तेच. नवरा आधी गेला तर त्याचीच कबर उघडायची, हाडं बाजूला सारायची आणि बायकोला त्याच्याजवळ ठेवायचं. "माझं काही नको," ती आजारी पडल्यावर सांगायची. "न प्रार्थना, न बँड. मला त्याच्याजवळ ठेव आणि त्याचं नाव लाव. जिवंतपणी त्याला माझा म्हणता आलं नाही, आता तरी म्हणू दे."

"ठेवीन, आई," कासिमिरा म्हणाली. तिला वाटलं होतं, मेलेल्या बाईला कोण अडवणार.

अडवलं. गावाचा अध्यक्ष एवारिस्तो लेर्मा परका नव्हता. त्याच्या थोरल्या मुलाची कासिमिरा धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा, सणाला घरी येऊन चीज घेऊन जायचा. आई घरात पांढऱ्या चादरीखाली, बाहेर उन्हाळा, आणि हा टेबलामागे बसून डोकं खाजवतोय.

"कोमाद्रे, मी तरी काय करू? ती नुसती कबर राहिली नाही. राज्य सरकारनं स्मारक केलंय तिचं. कुदळ लावली तर माझी खुर्ची जाईल."

"त्या स्मारकात माझा बाप आहे."

"असेल. मी नाही म्हणतोय का? पण कागदावर मार्ल आहे."

"मग माझा बाप कागदावर कुठे आहे ते सांगा."

एवारिस्तोनं खरंच कपाट उघडून बघितलं. "कागदावर तुमचा बाप खेचरं घेऊन चिवावाला गेलाय. आईनंच तसं सांगितलेलं दिसतंय."

"पन्नास वर्षं झाली त्याला."

"परत आल्याची नोंद नाही ना, कोमाद्रे."

तिला इतका संताप आला, की त्याच्या टेबलावरचा फुलांचा पेला उचलून ती खिडकीबाहेर ओतून आली. एवढंच तिच्या हातात होतं. संध्याकाळी पेत्रोनिलाला कबरस्तानाच्या खालच्या टोकाला पुरलं, जिथे ओढ्याला पाणी आलं की माती वाहून जाते. खड्डा खणणारा चोन म्हणाला, "तात्पुरतं समजा, दोन्या." तात्पुरतं म्हणे.

त्यानंतर कासिमिरानं जे उंबरठे झिजवले त्याला गणती नाही. पाद्र्याकडे गेली, तो म्हणाला बिशपकडे जा. बिशपच्या वाड्यावर एका गोऱ्यागोमट्या सचिवानं तिला थंड पाणी दिलं आणि सांगितलं, मृतात्म्यांना जागेनं फरक पडत नाही. "मग बिशपांना आमच्या ओढ्याकाठी पुरा ना," ती म्हणाली, आणि ते दार तिथेच बंद झालं. स्मारकाच्या खात्यात गेली, त्यांनी सांगितलं अर्ज मार्लच्या वारसांनी करायला हवा. आता मार्लचे वारस हिनं कुठून आणायचे? दर खेपेला शेळ्या शेजारच्या देल्फिनाच्या गळ्यात टाकून जायची आणि हात हलवत परत यायची. देल्फिनाही शेवटी वैतागली. म्हणाली, "अगं, सोड की आता. तुझा बाप तिथे आहे हे तुला ठाऊक आहे, देवाला ठाऊक आहे. आणखी कुणाला हवंय?"

"मला हवंय," कासिमिरा म्हणाली. "आई एकटी पडलीय तिकडे."

एकदा तिनं शेळ्यांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग घेतला, कठडा ओलांडला आणि त्या संगमरवरावर हातभर अक्षरांत लिहिलं, 'लिब्रादो सुबिया, खेचरवाला'. शिपायानं तिला धरून नेलं, एवारिस्तोनं रागावून सोडून दिलं. पण रंग पुसायच्या आत टेक्ससचे कुणी दोघे येऊन फोटो काढून गेले होते. पुढच्या वर्षी तिकडे लेख छापून आला, की मार्ल मेक्सिकोत ज्या गुप्त नावानं वावरत होता ते अखेर सापडलं. ते नाव लिब्रादो सुबिया. खेचरवाल्याचं सोंग त्याच्या विनोदी स्वभावाला साजेसंच होतं, असंही त्यात म्हटलं होतं. निकानोरनं तो लेख चौकट करून गुत्त्यात लावला. देल्फिनाच्या मुलानं तो वाचून दाखवला तेव्हा कासिमिरा हसली की रडली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दिवसभर चुलीत लाकडं कोंबत राहिली एवढं खरं.

म्हणून खोदायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. मार्लच्या चाहत्यांतच भांडण जुंपलं होतं. निम्मे म्हणत सान हिलारियो, निम्मे म्हणत दुसरंच गाव. शेवटी त्यांनी सरकारची परवानगी काढली आणि राजधानीतून हाडांचा जाणकार डॉक्टर बेल्त्रान आला, बरोबर दोन मदतनीस. निकानोरनं खुर्चीची दोरी नवी केली. गावाला खात्रीच होती.

कासिमिरा सकाळपासून खड्ड्याच्या काठाशी होती. पेटीतून आईची चादर काढून आणली होती, लग्नातली, कडेला पक्षी भरलेली. डॉक्टर खाली ब्रशनं माती झाडत होता, मदतनिसांशी पुटपुटत होता. दुपारी तो वर आला, कपाळ पुसलं आणि ग्रिंगोंना म्हणाला, "तुमचा माणूस सत्तरीचा आणि सहा फुटी होता ना? हा तो नाही. हा फार तर तिशीचा. आणि पायातल्या वहाणा पाहिल्या तर इकडचाच, कुणीतरी गडी."

ग्रिंगोंतला एक तरुण तर तिथेच मातीत बसला. गाववाले एकमेकांची तोंडं बघू लागले. आणि कासिमिराच्या छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं म्हणणं मान्य केलं होतं. तेही न विचारता.

"कुणीतरी नाही, डॉक्टर. लिब्रादो सुबिया. माझे वडील," ती म्हणाली. "द्या इकडे. मी चादर आणलीय."

डॉक्टरनं तिचं सगळं ऐकून घेतलं. तोही नम्रच होता. सगळे नम्रच होते, मेले. "सेन्योरा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण नियम असा, की एकदा काढलेलं राजधानीत नेऊन नीट तपासायचं. दोन महिने द्या. शिक्कामोर्तब होऊन येईल, मग तुमच्या वडिलांना कुणी पुन्हा ग्रिंगो म्हणणार नाही. कागदावरसुद्धा."

कागदावरसुद्धा. ते ऐकून ती विरघळली. आयुष्यभर कागदानंच तिला मारलं होतं. ती एवारिस्तोकडे बघून हसली, त्यानंही मान डोलावली. चोन मागून पुटपुटला, "नका देऊ, दोन्या. मातीतला माणूस मातीच्या बाहेर सोडू नये." पण आनंदात असलेल्या माणसाला असलं काही ऐकू येतं का? उलट तिनं स्वतः ती चादर पेटीत अंथरून दिली, वडिलांना लाकूड टोचू नये म्हणून. गाडी धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभी राहिली.

दोन महिने झाले. वर्ष झालं. तोवर गावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दुसऱ्या गावानं आपली कबर पुढे केली, मोटारी तिकडे वळल्या. निकानोर रस्त्यात आडवा येऊन म्हणाला, "झालं समाधान? तुमच्या बापापायी सगळं गाव उपाशी मेलं." तिनं ऐकून घेतलं. वडील आले की आईला वर हलवायचं, नाव लावायचं, मग बोला म्हणावं काय बोलायचं ते.

शेवटी ती स्वतः राजधानीला गेली. बसनं, शिदोरी बांधून, एवढा प्रवास जन्मात पहिल्यांदा. ज्या इमारतीचं नाव डॉक्टरनं सांगितलं होतं तिथे पहारेकऱ्यानं आत सोडायला सकाळची दुपार केली. आत एक बाई म्हणाली, डॉक्टर बेल्त्रान नोकरी सोडून गेले. दुसरी म्हणाली, परदेशात आहेत. तिसऱ्या माळ्यावरच्या एका गृहस्थानं मोठी वही चाळली आणि म्हणाला, "मार्लचे अवशेष ना? ते अमेरिकनांनी नेले."

"मार्लचे नव्हतेच ते. तुमच्याच डॉक्टरनं सांगितलं."

"हो, पण आले मार्ल म्हणून. मार्लचे नाहीत म्हटल्यावर आमच्याकडे त्यांची नोंद राहत नाही."

"मग आहेत कुठे?"

"मार्लचे?"

"माझ्या वडिलांचे!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. जिन्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. गृहस्थानं हात पसरले. त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतं. तिनं चादरीचं वर्णन केलं, कडेला पक्षी भरलेली, निळे नि तपकिरी. अशी चादर कुणी पाहिली नव्हती. तळघरातही जाऊन बघितलं. फळ्यांवर फळ्या, पेट्यांवर पेट्या, आणि प्रत्येकीवर नुसते आकडे. ती एकेक झाकण उचलायला लागली तेव्हा तिला हाताला धरून बाहेर आणलं.

अमेरिकनांना पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं, की त्यांच्याकडे काही नाही, मेक्सिकन सरकारला विचारावं. झालं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सुबियांचा लिब्रादो पन्नास-साठ वर्षं निदान एका जागी तरी होता, आता तोही नव्हता.

एवारिस्तो एका रविवारी चीज घ्यायला म्हणून आला आणि दारातच टोपी फिरवत उभा राहिला. "कोमाद्रे, एक चांगली बातमी आहे. स्मारक रद्द झालं. फरशी, कठडा, सगळं काढलंय. आता तुम्ही आईला खुशाल त्या कबरीत हलवा. परवानगी मी देतो."

"रिकाम्या कबरीत?"

"जागा तर तीच ना."

कासिमिराच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, पण त्याच्या चेहऱ्यावर तो खरंच काहीतरी देऊ करतोय असा भाव होता, आणि तिला एकदम फार दमल्यासारखं झालं. "आईला जागा नको होती, एवारिस्तो," ती म्हणाली. "ती ओढ्याकाठी आहे तिथेच असू द्या. निदान ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे." चीज तिनं त्याला दिलं. त्याचा काय दोष? का त्याचाच दोष? हा हिशेब तिला कधी लागला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एक ग्रिंगो मुलगी आली. नोरीन नाव. पाठीवर पिशवी, खांद्यापर्यंत उन्हानं लाल झालेली, पण भाषा चांगली बोलायची. मार्ल इथे पुरला नसला तरी इथून गेला असेल, असं तिचं नवं म्हणणं होतं. निकानोरनं तोंड फिरवलं, म्हणून चालत चालत कासिमिराच्या कुंपणाशी आली. इतकी वर्षं कासिमिरानं असल्या लोकांना घोटभर पाण्यालाही विचारलं नव्हतं. या खेपेला तिनं फाटक उघडलं, मुलीला सावलीत बसवलं, कॉफी दिली.

नोरीननं पिशवीतून फोटो काढला. पांढऱ्या मिशा, ताठ कॉलर, डोळ्यांत जगाची टिंगल. तो तरुणपणी कसा होता, चहात साखर किती घ्यायचा, कुत्र्यांवर कसा चिडायचा, सगळं तिला पाठ होतं. जणू घरातलाच म्हातारा. "कुणीच नाही का हो पाहिलं याला?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका रडकुंडीला आला होता, की कासिमिराला राग धरता येईना.

"नाही गं. मी सांगते, इथल्या कुणीही त्याला पाहिलेलं नाही. सांगणारे सगळे थापा मारतात, आणि पहिली थाप आमच्याच घरातून निघाली." तिनं आपल्या कपातली कॉफी संपवली. "तू राजधानीला जाणार ना? तुला ते दारातून हाकलणार नाहीत. तुमच्यासाठी कपाटं उघडतात. माझं एक काम कर. तुझा शोधतेस तसा माझाही शोध."

"तुमचा कोण?"

"माझे वडील."

नोरीन सरसावून बसली. गुडघ्यावर कागद घेतला. शोधायच्या कामात ती तरबेज होती, प्रश्न कसे विचारायचे ते तिला येत होतं. नाव? लिब्रादो सुबिया. काम? खेचरं हाकायचे. कुठून नेलं, कुणी नेलं? कासिमिरा धडाधड सांगत गेली. साऱ्या जन्मात कुणी पहिल्यांदा तिच्या बापाबद्दल असं मन लावून लिहून घेत होतं.

"फोटो आहे?"

"नाही."

"बरं, मग वर्णन सांगा. दिसायला कसे होते?"

कासिमिरानं तोंड उघडलं आणि ती थांबली. अध्यक्षाला, बिशपच्या सचिवाला, डॉक्टरला, साऱ्या गावाला ती माझे वडील, माझे वडील म्हणून सांगत आली होती. मिशा होत्या का? हसायचे कसे? तिला खेचरावर बसवायचे का, काय म्हणून हाक मारायचे? चार वर्षांच्या पोरीला काही ना काही आठवायला हवं होतं. आईला विचारलं असतं तर आईनं सांगितलं असतं. कधी विचारलंच नाही. नोरीन वाट बघत होती.

"ठेंगणे होते," कासिमिरा शेवटी म्हणाली. "तिशी जेमतेम गाठली असेल. डावा हात कधीतरी मोडून थोडा वाकडा जुळला होता. दात सगळे चांगले होते, एकही किडलेला नव्हता."

नोरीननं भराभर लिहून घेतलं. "छान. तुम्हाला तर बरंच आठवतंय."

"मला काही आठवत नाही, पोरी," कासिमिरा म्हणाली. "खड्ड्यात उतरून डॉक्टर मदतनिसांना सांगत होता. मी काठावरून ऐकलं."